सुंदराबाईचं माप

शेषराव सुतारानं आपल्या जित्या बायकोचं अंग दोरीनं मोजलं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि दारातच थिजले. आमच्याकडे माणसाचं माप असं एकदाच घेतात, तिरडी बांधताना.

गोष्ट एकसष्ट सालची, अमरावतीतली. आमच्या दोन घरांत भिंत एकच. शेषरावाच्या हातात कसब मोठं, पण तोंडातून शब्द म्हणून निघायचा नाही. सुंदराबाई दम्यानं बेजार. आडवी झाली की जीव घाबरा व्हायचा, म्हणून दोन वर्षं ती ज्वारीच्या पोत्याला टेकून बसल्या बसल्याच डुलक्या काढायची. त्या दुपारी तिचा जरा डोळा लागला, तर हा बाबा तिच्या खांद्यापासून कमरेपर्यंत दोरी धरून गाठी मारत बसलेला!

"काहून मोजून राहिले मले?" ती दचकून उठली. "मी मेली नाई अजून!"

त्यानं दोरी खिशात घातली आणि सायकल काढून चालता झाला. असा संताप आला मला! सुंदराबाईनं भातकुलीला भावाला निरोप धाडला आणि ठेवणीतली दोन लुगडी माझ्या हातात दिली. "आता मले काय करायची?" म्हणाली. मी ती घरी नेऊन ठेवली.

आठव्या दिवशी तिचा भाऊ मोतीराम काठी घेऊनच आला. त्याच वेळी दारात बैलगाडी थांबली आणि शेषरावानं एक अवाढव्य खुर्ची खाली उतरवली. साग धारणीचा. बैठकीला अकोल्याच्या कापसाच्या जिनातला यंत्राचा जुना पट्टा, दुहेरी. रुंदी मांडी घालून बसता येईल एवढी, कारण पाय लोंबते ठेवून सुंदराबाईला बसवत नसे. हाताशी एक दांडा.

"बस," शेषराव म्हणाला.

"तुमच्यासमोर? खुर्चीवर?" ती आणखीच घाबरली. आमच्या गल्लीत कुठली बाई नवऱ्यासमोर खुर्चीवर बसली होती?

"बस म्हनतो ना."

ती बसली. त्यानं दांडा ओढला आणि खुर्चीची पाठ मागं कलू लागली. सुंदराबाई किंचाळली. पाठ अर्ध्यावर थांबली, पोत्याला टेकताना ती जेवढी कलायची तेवढीच. मग तिचे डोळे मिटले, मान एका बाजूला पडली.

मोतीरामच्या हातची काठी गळाली. "भाऊजी, गेली का माही बहीन?"

मी तिच्या नाकाशी हात नेला. तेवढ्यात ती घोरली.

"चूप," शेषराव म्हणाला. "झोपली हाय."

दांडा सोडला असता तर पाठ अडवणारा खटका दाणकन बसून तिची झोप मोडली असती. म्हणून दिवेलागणीपर्यंत तो दांडा हातात धरून खाली जमिनीवर बसून राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला दुसरा हातही त्यानं उचलला नाही. मी घरी गेले आणि दोन्ही लुगडी आणून तिच्या पेटीत परत ठेवली.