ज्या गोळीला कुणी औषध म्हणत नाही

डॉ. वत्सलाबाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांची माझी पहिली भेट नांदूरघाटच्या दवाखान्यात झाली. टँकरचे दिवस होते. मी केजहून एसटीने कंपाउंडर म्हणून रुजू व्हायला आलो होतो. "दमलात? इथं रोजच दमाल," एवढंच बाई म्हणाल्या. ते अजून खोटं ठरलेलं नाही. त्यांच्या गौरवग्रंथासाठी हा लेखही मी दमूनच लिहितो आहे.

बाई कशा आहेत हे सांगायला एक प्रसंग पुरे. ऊसतोडीला जाणाऱ्या राहीबाईंचा रक्तदाब तीन-तीन गोळ्या देऊनही उतरेना. मी वैतागून केसपेपरवर लिहिलं, 'औषध घेत नाही.' बाईंनी ते खोडलं. "उतरत नसेल तर काहीतरी चढवत असेल. आधी ते शोधू." मीठ, मिश्री, झोपेतलं घोरणं, सगळं विचारून झालं. दुसरं औषध? "न्हाई बाई, तुमच्याच गोळ्या." मग बाईंनी विचारलं, "फडात सकाळी चहासोबत काय घेता?"

"ती व्हय? ती कामाची गोळी. तिला औषध कोण म्हनतंय?"

अंगदुखीची गोळी. रोज दोन, कधी तीन, कित्येक हंगाम. आणि ती देणारा मीच! दसऱ्यानंतर टोळ्या सहकारी कारखान्याकडे निघाल्या, की मी मुकादमाच्या हाती मूठमूठ पाकिटं ठेवायचो, पुण्य म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई रागावल्या नाहीत. "ही दाबही चढवते, मूत्रपिंडही खाते," म्हणाल्या आणि राहीबाईंना घेऊन स्वतः जीपने अंबाजोगाईला गेल्या. मूत्रपिंड बिघडू लागलं होतं, पण सावरण्यासारखं होतं.

गोळी सुटली, दोन महिन्यांत दाब उतरला. पण गोळीवाचून कोयता उचलेना. बाईंनी शब्द टाकून गावच्या दूध संस्थेत त्यांना कॅन धुण्याचं काम मिळवून दिलं. पुढच्या साली चारा संपला, जनावरं विकली गेली, संस्थेला कुलूप लागलं. राहीबाई पुन्हा फडावर गेल्या. परतल्या तेव्हा गोळी पुन्हा सुरू होती आणि दाब पहिल्याइतकाच चढलेला. मी तोंड उघडणार तोच बाई म्हणाल्या, "त्यांना बोलू नका. आपण गोळी बंद केली, ऊसतोड थोडीच बंद केली?" आणि नवा केसपेपर घेतला.

बाईंना निरोगी दीर्घायुष्य लाभो, असं मी लिहिणारच होतो. राहीबाई आता आठवड्यातून दोनदा अंबाजोगाईला डायलिसिसला जातात. परवा त्यांना या गौरवग्रंथाचं सांगितलं, तर म्हणाल्या, "बाईला म्हनावं, शंभर वर्सं जगा. औंदा आमची सून फडावर चाललीय."