आईच्या गवतावर उद्याचा मंडप

आईसाठी पेरलेलं लॉन उगवलं. आज सकाळी नर्सरीवाल्या भाऊंनी वाकून पाहिलं आणि तसं सांगितलं. आईला जाऊन आज नऊ दिवस झाले.

अर्धांगवायूनंतर आईला मऊ गवतावर अनवाणी चालवा, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून नानांनी, माझ्या वडिलांनी, धुळ्यातल्या आमच्या अंगणात गवताचं बी पेरलं. आयुष्यभर कापसाला पाणी भरलेला माणूस. पहिल्याच दिवशी मोटारीचा पाइप सोडला आणि सगळं बी वाहून कुंपणाशी गेलं. पुन्हा पेरलं आणि दिवसातून तीनदा झारीनं शिंपडू लागले. चौथ्या दिवशी आई गेली.

शिंपडणं थांबलं नाही. सांत्वनाला दारावर बसायला येणाऱ्यांना नाना हात जोडून म्हणतात, "तिकडे पाय नका ठेवू."

आज मामांना राहवलं नाही. "नाना, आते कोनाकरता पानी मारी ऱ्हायनात?"

"बी पेरेल शे. तेले काय माहीत, कोन गयं ते?"

मामांनी रिकामी झारी घेतली आणि नळावरून भरून आणली.

उद्या दहावं. माणसं भरपूर येतील आणि अंगण तेवढंच आहे. भाऊबंद म्हणतात, गवताचं काय, परत पेरता येईल. नानांना हे मीच सांगायचं ठरलंय. तुमच्यावर वेळ आली असती, तर कसं सांगितलं असतं?

मंडपवाले सकाळी सातला खांब रोवायला येणार आहेत.