अण्णांचा टिल्लू चावू लागला तेव्हा

अण्णा सलूनवाले मुळातच हट्टी. तरुणपणी उजवं मनगट मोडलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी धंदा बदलायला सांगितलं. अण्णांनी कुणाचं ऐकलं नाही. प्लास्टर असेपर्यंत डाव्या हाताने कात्री धरायला शिकले आणि आयुष्यभर डाव्यानेच केस कापत राहिले.

मूल नव्हतं. म्हणून टिल्लू हा मूठभर हिरवा पोपट त्यांनी आणि त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, चमच्याने भरवून वाढवला. दिवसभर तो सलूनमध्ये अण्णांच्या खांद्यावर असायचा आणि त्यांच्या कानाची पाळी चोचीत धरून डुलक्या काढायचा.

वर्ष सरलं आणि स्वारीचं काहीतरी बिनसलं. पिंजऱ्याजवळ हात नेला की फुत्कारायचा, भलत्या वेळी किंचाळायचा. एकदा एका पेन्शनरच्या कानालाच त्याने चावा घेतला. ते बिचारे अर्ध्या दाढीनिशी साबणासकट उठून गेले. मग त्याने अण्णांचा डावा अंगठा फोडला. कात्रीत जायचा तोच अंगठा.

पट्टी बांधताना वहिनी म्हणाल्या, "अहो, देऊन टाका त्याला कुणाला तरी. हात गेला तर खायचं काय?"

"लेकरू चावलं म्हणून कुणी लेकरू देऊन टाकतं का?"

"लेकराला असली चोच नसते!"

शेजारच्या सायकलवाल्याने सल्ला दिला की चोचीवर टिचकी मारा, सुतासारखा सरळ येईल. अण्णांनी एकदा मारून पाहिली. टिल्लू पिसं अंगाशी चिकटवून कोपऱ्यात थरथरत बसला आणि दिवसभर दाण्याला शिवला नाही. अण्णांच्याही घशाखाली घास उतरला नाही. पोपट द्यायचा नाही आणि मारायचाही नाही, हे त्यांनी तेव्हाच पक्कं केलं. राहिलं एकच, त्याला झालंय काय ते समजून घेणं. दुसऱ्या दिवशी सलूनला कुलूप लावून ते त्याला पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

बाईंनी त्याचं वजन केलं, चोच आणि पंख तपासले. "आजार काही नाही. वयात आलाय. दिवसभर असतो कुठे?"

"माझ्या सलूनमध्ये. आरशासमोर."

"आरशाशी काय करतो?"

अण्णांना आठवलं. "मान डोलावतो. खाल्लेलं परत काढून काचेला लावतो. मला वाटलं, पोट बिघडलंय."

बाई हसल्या. "अहो, तो बायकोला भरवतोय! त्याच्या भर संसारात तुम्ही हात घालता, मग चावेल नाही तर काय? पाठीवरून हात फिरवता का?"

"रोज."

"त्याचाही तो भलताच अर्थ घेतो. फक्त डोकं आणि मान खाजवा. संध्याकाळी लवकर अंधार करून झोपवा. कुरतडायला लाकूड द्या. आणि चावण्याआधी तो सांगत असतो, तेवढं बघायला शिका."

परतल्यावर अण्णांनी पिंजरा खिडकीपाशी नेला आणि तिथून दिसणाऱ्या आरशांवर चादर टाकली. गिऱ्हाइकांची कुरकुर सुरू झाली.

"अण्णा, मागची बाजू दिसत नाही!"

"मला दिसते ना."

टिल्लूला मात्र हा दुरावा सोसवेना. आरशाच्या दिशेने तोंड करून तो इतका ओरडायचा की वहिनींनी कानांत कापूस घातला. अण्णा ओरडण्याला दाद देत नसत. तो गप्प झाला की लगेच जाऊन बोलायचे आणि सफरचंदाची फोड द्यायचे. हळूहळू त्यांना त्याची भाषा उमगू लागली. बुबुळं भराभर लहानमोठी झाली, मानेची पिसं फुलली, शेपटी पसरली, की हात आहे तिथेच थांबवायचा. कधी थांबवायला उशीर झाला की नवी पट्टी यायची. वहिनी पट्टी बांधायच्या, पण देऊन टाका म्हणणं त्यांनी सोडलं होतं.

एका दुपारी सलून रिकामं होतं. अण्णांनी पिंजऱ्याच्या दारापाशी बोट धरलं आणि तसंच धरून ठेवलं. टिल्लूने मान तिरकी करून बोट न्याहाळलं, चोचीने हलकेच चाचपलं. मग एक पाय ठेवला. मग दुसरा. वहिनी डबा घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या.

पूर्वीसारखा कानाशी बिलगून तो पुन्हा झोपला नाही. अण्णांना ते लागलं. आता बोट पुढे करून ते रोज त्याला विचारतात. कधी तो येतो, कधी पिसं फुलवून तिथेच बसतो.

"काय म्हणतोय?" वहिनी विचारतात.

"आज नको म्हणतोय," असं म्हणून अण्णा हात मागे घेतात आणि खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधू लागतात.