काकांचं लोहभस्म आणि वडिलांच्या तुंबड्या

आमच्या घराण्यातले पुरुष चाळिशी ओलांडली की काळवंडायचे. तव्यासारखी कातडी, बोटांची दुखरी पेरं, मग मधुमेह, मग पोट फुगून खेळ खलास. लोक म्हणायचे, माळव्याचं ऊन बाधलं. ऊन कसलं डोंबलाचं! आम्हां लोकांच्या अंगात जन्मापासून लोखंड साठत जातं, आणि रक्त काढलं तरच ते उतरतं, हे मला म्हातारपणी डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा कोणाच्या बापाला ठाऊक होतं?

थोरले काका देवासला दरबारी नोकरीत. अशक्तपणावर त्यांचं एकच औषध, लोहभस्म. स्वतः घ्यायचे आणि धारला आमच्याकडेही डबी पाठवायचे. माझे वडील मात्र अंग जड झालं की तुंबडीवालीला बोलवायचे. ती पाठीवर चिरा मारून शिंगानं रक्त ओढायची आणि वडिलांना हुशारी वाटायची. आईला याची भयंकर लाज.

काकांच्या कानावर गेलंच. "घराण्याचं रक्त मोरीत ओततोस? बंद!"

थोरल्या भावापुढे ब्र काढायची आमच्यात रीत नव्हती. वडिलांनी तुंबड्या सोडल्या, भस्म धरलं, आणि वर्षभरात हातात पेला धरवेना. आता आई घाबरली. लाज गुंडाळून तिनंच तुंबडीवालीला मागच्या दारानं आणलं. भस्म तुळशीला घालू लागली.

वडील सुधारले. एकदा नेमक्या चिरा मारताना काका दारात हजर. आई दाराआडून म्हणाली, "पूजेला बसलेत."

आतून आवाज आला, "आई गं!"

"देवीला आळवतायत."

तुंबडीवाली आत दबक्या आवाजात म्हणत होती, "भिया, जरा धीरे चिल्लाओ!"

शेवटी वडील सोवळं नेसून, उपरणं घट्ट लपेटून बाहेर आले. काका बघतच राहिले. "कसा उजळलास! लोहभस्माचा गुण, दुसरं काय. आता मीही दुप्पट घेतो."

वडिलांनी तोंड उघडलं, आईकडे पाहिलं आणि मिटलं. थोरल्याला तोंडावर खोटं पाडायचं कसं?

पुढच्या उन्हाळ्यात काका गेल्याची खबर देवासहून आली. सुतक फिटल्यावर वडिलांनी तुंबडीवालीला पुढच्या दारानं बोलावलं आणि रस्त्यालगतच्या ओट्यावर उघड्या पाठीनं बसले.

"अहो, लोक बघतायत, आत चला," आई म्हणाली.

"ज्यांच्यापासून लपवायचं ते गेले," वडील म्हणाले, आणि चीर पडायच्या आधीच रडू लागले.