गोलकीपरच्या तीन थापा

टॅक्सीची मागची सीट महिन्यातून एकदा उचलली की खालून काय काय निघतं! एका पायाची सँडल, गॉगलची काडी, अर्धं खाल्लेलं कणीस. कुणी मुद्दाम ठेवलेलं नसतं, आपोआप साठतं. माझ्या डोक्यात फुटबॉलचे किस्से तसेच साठलेत. आज सीट उचलतो. यातलं काही खोटं वाटलं, तर तो तुमचा प्रश्न!

मी नंदू. लोणावळ्यात टूरिस्टांना पॉइंट दाखवणारी टॅक्सी चालवतो आणि सहा वर्षं अंधांच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर आहे. या खेळात प्रत्येक टीमचे मैदानावरचे चारही खेळाडू अंध. कुणाला उजेडाची तिरीप दिसत असेल म्हणून सगळ्यांच्याच डोळ्यांवर पट्टी. बॉलमध्ये छर्रे असतात, ते खुळखुळतात. डोळस फक्त गोलकीपर, आणि त्यानं गोलासमोर आखलेल्या छोट्या चौकोनातच राहायचं. बॉल अडवायचा आणि ‘डावीकडं सरक, मागं ये, दोघं आले’ असं ओरडून आपल्या माणसांना सांगायचं, हे त्याचं काम.

शाळेत मला कधी कुणी टीममध्ये घेतलं नाही. चाळिशीत पहिल्यांदा पाठीवर नंबर आला. तो जाऊ नये, एवढीच माझी धडपड. बाकी काही नाही.

*

हा नंबर मिळाला कसा, ते ऐका.

विलासभाऊ आमचा कॅप्टन. कुरवंड्याचा, एका सरकारी ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर. एकदा पाहुण्यांना घेऊन माझ्या टॅक्सीत बसला. पॉइंटवर पोचलो तर धुकं असं, की मला माझंच बॉनेट दिसेना! पण धंदा म्हणजे धंदा. मी सुरू झालो. “समोर तो काळा कडा बघा. त्याच्या खाली धबधबा. उजवीकडे घार फिरतेय, चोचीत काहीतरी आहे.”

पाहुणे वैतागले. “अहो, कुठं काय दिसतंय?”

विलासभाऊ म्हणाला, “मला तर समदं दिसलं!”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोलात उभा!

*

या खेळात प्रेक्षकांनी गप्प बसायचं असतं. बॉलचा आवाज ऐकू यायला हवा ना. टाळ्या वाजवायच्या त्या खेळ थांबल्यावर.

आमची पहिली मॅच. पोरं ढेपाळलेली. मी म्हटलं, जरा हवा भरू. “विलासभाऊ, हजार माणूस आलंय! श्वास रोखून बसलंय नुसतं!”

काय खेळले हो! वाघासारखे खेळले. वलवणचा दत्ता, गिरणीवाला, आमचा स्ट्रायकर. त्यानं असा गोल मारला की जाळीचा हूक निघाला. शिट्टी वाजली, खेळ थांबला. आता टाळ्या!

टाळ्या झाल्या. दोन हात. आणि एक कुत्रं भुंकलं.

दत्ता म्हणाला, “बाकीच्या नऊशे नव्याण्णवांचे हात कुटं गेले?”

विलासभाऊ मात्र हसला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, “नंद्या, टॅक्सीत काय मारायच्या त्या थापा मार. मैदानात आमी तुज्या डोळ्यांनी पळतो. ही पैली. तिसरी झाली, की कीपर बदलला!”

मी घाबरलो. खोटं कशाला सांगू? म्हणजे, आता कशाला सांगू!

*

प्रत्येक टीमचा एक गाईड समोरच्या गोलामागे उभा राहतो आणि आपल्या स्ट्रायकरला सांगतो, गोल कुठं, किती लांब, कुठं मारायचं. आमची गाईड म्हणजे आमची सौभाग्यवती मंगल. आवाज असा, की खंडाळ्यात हाक मारली तर गाडी घाटात ब्रेक लावेल!

मॅचमध्ये ठीक, ती पलीकडच्या टोकाला असते. पण प्रॅक्टिसला गोलात मी आणि माझ्या मागं ही!

“दत्ताभाऊ, चार पावलं सरळ! आता यांच्या उजव्या बाजूला खालून मारा. उजव्या गुडघ्याला कालपासून तेल लावतेय मी!”

गोल!

“दत्ताभाऊ, आता वरून! खांदा आखडलाय, हात वर जात नाही!”

गोल!

मी मागं वळून ओरडलो, “अगं, नवरा ना मी तुझा?”

तेवढ्यात दत्ता बॉल पायाखाली धरून अदबीनं म्हणाला, “वयनी, अजून कुटं कुटं दुकतंय, एकदा यादीच द्या की!”

*

आणखी एक नियम. समोरच्याकडून बॉल काढायला जाताना ‘व्हॉय’ असं ओरडायचं. म्हणजे कुणीतरी येतंय हे त्याला कळतं, टक्कर होत नाही. न ओरडता घुसलात तर फाऊल.

वलवणला प्रॅक्टिस चालली होती. शेजारच्या वाटेनं एक शर्यतीचा बैल चाललेला, गळ्यात ही एवढी घुंगरमाळ. मालकाच्या हातून कासरा सुटला आणि बैल थेट मैदानात! छुम छुम छुम!

दत्ताला वाटलं, बॉल घेऊन कुणीतरी पळतंय. “व्हॉय! व्हॉय!” करत गेला आणि त्यानं बैलाला टॅकल केलं!

मी ओरडेपर्यंत दत्ता चिखलात उताणा, आणि बैल वर उभा राहून त्याला हुंगतोय. आम्ही धावलो. कुठं लागलं का, विचारलं.

दत्ता संतापून म्हणाला, “लागलं ते ऱ्हाऊ द्या! ह्यो ‘व्हॉय’ बोल्ला न्हाई. फाऊल द्या!”

*

दुसरी थाप मात्र अंगाशी आली. प्रॅक्टिस चालू, आणि मला एका टूरिस्टाचा मेसेज. मी खाली मान घालून टाइप करतोय आणि तोंडानं चालू, “समोर, समोर! डावीकडं! शाब्बास!”

विलासभाऊ थांबला. “नंद्या, तुझा आवाज जमिनीकडं चाललाय. मोबाईल बगतोयस?”

“छे! बॉलकडेच बघतोय.”

“व्हय? कुटं हाय बॉल?”

“मैदानाच्या मधोमध, भाऊ!”

“बॉल माज्या काखेत हाय!”

त्या दिवसापासून मला रात्रीची झोप नाही. तळेगावचा एक तरणा कीपर कॅप्टनला रोज फोन करायचा म्हणे. उंच, आणि मुख्य म्हणजे मितभाषी!

*

आता फायनल. लोणावळ्यातच. एक–शून्यनं आम्ही पुढे, शेवटचं मिनिट, आणि घाटातून धुकं वर आलं. बघता बघता मैदान गायब! रेफरी म्हणाला, “थांबवूया का?” तर आठही खेळाडू एका सुरात, “का? काय झालं?”

खेळ चालू. मला माझे हातमोजे दिसेनात. आता आमच्याच गड्यांनी मला सांगायला सुरुवात केली. “नंद्या, डावीकडून येतोय! आता मारतोय! खाली, खाली!”

मी झेप घेतली. बॉल पोटाशी आला. मी घट्ट धरला. डोळे उघडले तर नाकासमोर पांढरी रेघ, आणि बॉल रेघेच्या आत!

रेफरीचा आवाज आला, “कीपर, गोल झाला का?”

दिसत होतं ते फक्त मला. ‘नाही’ म्हटलं तर कप आमचा. पण पकडलं गेलं तर तिसरी थाप. डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या तोट्याचं खरं बोललो, “झाला. गोल झाला!”

“थांबा!” विलासभाऊ गरजला. “ह्यो थापा मारतोय! जाळी वाजली न्हाई!”

“अहो, तुमचाच कीपर सांगतोय!”

“म्हणूनच म्हणतोय!”

रेफरी गुडघ्यावर बसून माझ्याभोवती हातानं चाचपू लागला. मग तसाच चाचपत माझ्या मागं सरकत गेला. गोलाची रेघ अजून दोन पावलं मागं होती! धुक्यात मी पुढं सरकलो होतो. माझ्या नाकाखाली होती ती कीपरच्या चौकोनाची पुढची रेघ.

नो गोल! कप आमचा! मंगल पलीकडून अशी किंचाळली की धुकं फाटलं.

मी विलासभाऊला मिठी मारली. त्यानं शांतपणे माझे हात सोडवले. “तिसरी.”

“अहो भाऊ, मला खरंच गोल वाटला! थाप नव्हती ती!”

“गोल झाला म्हणालास का न्हाई?”

“म्हणालो.”

“झाला होता?”

“नाही...”

“मग नियम म्हंजे नियम. नवा कीपर निवडायचाय. उद्या सकाळी सहाला मैदानावर चाचणी.”

गेलो. पावणेसहालाच गेलो. विलासभाऊ खुर्ची टाकून बसला होता, शेजारी दत्ता. रांगेत मी एकटाच, तळेगावच्याचा पत्ताच नाही.

“नाव?”

सांगितलं.

“अनुभव?”

“सहा वर्षं.”

विलासभाऊनं दत्ताच्या कानात काहीतरी विचारलं. दत्तानं नकारार्थी मान हलवली. मग विलासभाऊ खणखणीत आवाजात ओरडला, “पुढचा!”

मी इकडे तिकडे बघितलं. चार पावलं मागं गेलो आणि परत आलो.

“नाव?”