बालिक्चीतला सर्वज्ञ आणि तिसरा प्रश्न

आमच्या बालिक्चीत टोपी हातात धरून चालायची पद्धत आहे. पश्चिमेच्या खिंडीतून उलान वारा सुटला की डोक्यावरची टोपी थेट इसिक-कुल तळ्यात जाते, आणि तळं काही परत करत नाही. अशा गावात मी, ओरोझबाय, सत्तावीस वर्षं हवामान केंद्रावर निरीक्षक आहे. दर तीन तासांनी बाहेर जायचं, तापमान, दाब, वारा वहीत उतरवायचा आणि राजधानीला, बिश्केकला, कळवायचं. मधल्या वेळात माणूस काय करणार? दुसरा कोणी असता तर गळ टाकायला शिकला असता. मी देशांच्या राजधान्या पाठ केल्या.

राजधान्या संपल्यावर नद्या, मग प्राण्यांची हाडं, मग कोणता शोध कोणी लावला. लोक मला ‘अकादमिक’ म्हणू लागले. त्यात कौतुक किती आणि टवाळी किती हे तपासायच्या भानगडीत मी कधी पडलो नाही. एका लग्नात मुलाच्या काकांनी पेला उचलून म्हटलं, “तुमचं प्रेम ह्या तळ्यासारखं खोल असो.” मी लगेच म्हणालो, “सहाशे अडुसष्ट मीटर.” पेला हवेतच राहिला. त्यानंतर लग्नांत मला वाजंत्र्यांच्या पलीकडे बसवायला लागले.

माझी मेहुणी शायिरगुल हमरस्त्यावर धुरी दिलेले मासे विकते. तिनेच माझ्या नावाने टीव्हीच्या प्रश्नमंजूषेचा अर्ज भरला. “जा भाओजी एकदाचे,” ती म्हणाली, “सगळ्या देशाला सांगून या. आमच्या कानांना तेवढाच आराम.”

मी बिश्केकला गेलो. तोंडाला पावडर फासून त्यांनी मला दिव्यांखाली उभं केलं. पहिला प्रश्न पेरूच्या राजधानीचा. लिमा. दुसरा, ऑक्टोपसला हृदयं किती? तीन, त्यातली दोन कल्ल्यांसाठी, हेही मी न विचारता सांगितलं. निवेदक खूश झाला. माझ्या नावाची चिठ्ठी वाचून म्हणाला, “तुम्ही हवामान केंद्रात काम करता? मग तिसरा प्रश्न तुम्हाला आंदणच दिलाय. वाऱ्याचा वेग कोणत्या उपकरणाने मोजतात?”

मी हसलोसुद्धा. आमच्या अंगणात खांबावर वाट्या लावलेलं ते फिरतं. केंद्रावर आम्ही सगळे त्याला ‘भिंगरी’ म्हणतो. भिंगरीला तेल घाल, भिंगरीवर कावळा बसलाय. तोच शब्द ओठावर आला. पण देशासमोर अकादमिकाने भिंगरी म्हणायचं? मी एखादा भारदस्त शब्द शोधू लागलो. तो सापडेना. आणि माझ्याच आवाजात, अगदी ठणठणीत, मला ऐकू आलं, “बॅरोमीटर.” वर अर्धं मिनिट मी हवेचा दाब मोजणारं ते यंत्र कसं चालतं तेही समजावलं.

कार्यक्रम अठरा दिवसांनी दाखवणार होते. तोवर निकाल कुणाला सांगायचा नाही, अशा कागदावर माझी सही घेतली होती. एवढा प्रेमळ कागद मी आयुष्यात पाहिला नाही. कोणी विचारलं की मी डोळे मिटून मान हलवायचो, “सही केलीय, बोलता येत नाही.” लोकांनी त्याचा अर्थ लावला, हा जिंकलाय. चुलतभावाच्या मेजवानीत तर मेंढीचं डोकं माझ्या ताटात आलं. हा मान पांढऱ्या दाढीच्या वडीलधाऱ्यांचा. मी ते घेतलं आणि खाल्लं.

बायकोला, बुरुलला, मात्र मी तिसऱ्याच दिवशी सांगून टाकलं होतं. ती कणीक मळत होती. ऐकून तिने भिंतीकडे तोंड केलं, खांदे हलू लागले. मला वाटलं रडतेय.

“अहो, भिंगरी तरी म्हणायचं!” तिला हसू आवरेना.

“तेच तर म्हणायचं नव्हतं.”

“मग आता सांगून टाका सगळ्यांना.”

“सही केलीय ना.”

“सहीचं नाव सांगू नका. तुम्हाला मिरवायला आवडतंय.”

प्रसारणाच्या दिवशी दुपारी शायिरगुलने अख्खी गल्ली बसथांब्याजवळच्या चहाखान्यात बोलावली. आमच्या केंद्रप्रमुख निना पेत्रोव्ना ठेवणीतला रुमाल डोक्याला बांधून अगदी पुढे बसल्या. माझी सगळी भिस्त उलानवर होती. दर वादळात आमची वीज जाते. पण त्या दिवशी वारा नुसता सेकंदाला चार मीटर. मीच सकाळी वहीत लिहिला होता.

दोन उत्तरांना टाळ्या पडल्या. तिसरा प्रश्न येताच निना पेत्रोव्ना टीव्हीला म्हणाल्या, “अ‍ॅनिमोमीटर.” पोटच्या पोराला हाक मारावी तशा. पडद्यावरचा मी म्हणालो, “बॅरोमीटर.”

कुणी हसलं नाही. निना पेत्रोव्ना मागे वळल्या. “सत्तावीस वर्षं, ओरोझबाय,” त्या हळूच म्हणाल्या. “मग तुमच्या वह्यांतला वारा तुम्ही मोजलात तरी कशाने?”

ते मात्र लागलं. बाकी सगळं मी गिळलं असतं. मी उभा राहिलो. “वह्या खऱ्या आहेत,” म्हटलं. “वारा रोज नीट मोजलाय, फक्त त्या वस्तूचं नाव सुचलं नाही. आणि हे मला अठरा दिवस माहीत होतं. तरी मी मेंढीचं डोकं खाल्लं. ते चुकलं.”

“त्यात काय, भाओजी!” मागून शायिरगुल ओरडली. “आमचं डोकं तुम्ही सत्तावीस वर्षं खाताय, मेंढीच्या एकाचं काय मोठं!”

आता मात्र छप्पर उडेल इतके हसले लोक. निना पेत्रोव्नासुद्धा. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खांबावर चढवलं, भिंगरी उतरवून पुसायला लावली आणि प्रत्येक वाटी पुसताना ‘अ‍ॅनिमोमीटर’ असं मोठ्याने म्हणायला लावलं.

मग फोन सुरू झाले. टॅक्सीवाले, मासेवाल्या, तळ्यावरचे होडीवाले. “काय बायके, तुमच्या बॅरोमीटरवर आज वारा किती?” बायके म्हणजे दादा, पण म्हणायची तऱ्हा अशी की दादाने खांबावरून उडी टाकावी. मी मुकाट्याने आकडा सांगायचो, न सांगून करतो काय? इतक्या वर्षांत कुणी मला वारा विचारला नव्हता, आणि मीही गावभर पेरूची राजधानी सांगत हिंडलो होतो. दोनेक महिन्यांत थट्टा जुनी झाली, फोन मात्र चालू राहिले.

नोव्हेंबरात कादिर होडीवाल्याने विचारलं, “बायके, वारा?”

“चौदा. आणि वाढतोय.”

“मग आज होडी काढत नाही.”

त्या वाऱ्याला उलान का म्हणतात, ह्यावर माझ्याकडे छान माहिती होती. मी घसा साफ केला. तोवर त्याने फोन ठेवलेला होता.