पाचवी सही

कारखान्याची धुरांडी अजून उभी राहत होती, तेव्हाची गोष्ट. मी भिलाईच्या दवाखान्यात नर्स होते आणि दुर्गच्या बालसुधारगृहावर देखरेख करणाऱ्या समितीत मला घेतलं होतं. अध्यक्ष वकील, एक डॉक्टर, एक हेडमास्तर आणि मी. बाई हवी म्हणून मी. त्यातून आमच्या दलित समाजाची मिळाली, म्हणजे एका फेरीत दोन कामं झाली, असं हेडमास्तर हसत म्हणाले होते. मी हसले नव्हते.

समितीची रीत ठरलेली. बुधवारी जायचं, ऑफिसात चहा घ्यायचा, लिहून तयार असलेल्या अहवालावर सह्या करायच्या आणि वेळ उरला तर मुलं बघायची. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मी चहा सोडून आधी आत जायचे. म्हणून माझी सही नेहमी शेवटी, गार चहाबरोबर.

एका बुधवारी अहवालात बारा-तेरा वर्षांच्या एका मुलीबद्दल लिहिलं होतं: 'भेटीस कोणी येत नाही. पालक बेफिकीर. जबलपूरच्या सुधारगृहात पाठवावे.' साइटवर लोखंडाचे तुकडे वेचताना पकडलेली पोर. आई भिलाईतल्याच खुर्सीपार वस्तीत राहणारी, भंडाऱ्याकडची, ठेकेदाराकडे घमेली वाहणारी. पोर जबलपूरला गेली की आईला कायमची तुटली.

मी मुलीला विचारलं, "तुही माय येत नाही कावून?"

"येते नं बाई, दर इतवारी. फाटकावरचा भैया म्हनते, मुलाखत बुधवारी. बुधवारी आली तं खाडा होते. ठेकेदार काढून टाकते तिले."

भेटीचा वार बुधवार, कारण समितीचा वार बुधवार. मला संताप आला, आणि आधी स्वतःचाच आला. इतके महिने तो वार मलाही सोयीचा वाटला होता.

मी सही केली नाही.

"सिस्टर, चार सह्यांशिवाय कागद कोर्टात जात नाही," वकीलसाहेब म्हणाले.

"मग नका पाठवू."

"कायदा कळतो का तुम्हाला?"

"नाही कळत. पोरीला विचारायचं, तेवढं कळतं."

कागद उचलून मी सरळ घरी आणला. नियमात बसत नव्हतं. नसू दे.

रविवारी ड्यूटी बदलून मी फाटकाशी उभी राहिले. पोरीची आई आली. केसांत सिमेंट, पदरात मुरमुऱ्यांची पुडी. चौकीदारानं नुसता हात हलवून तिला हाकललं. पुडी भिंतीवर ठेवून ती तिथंच उभी राहिली.

मी अहवालाखाली लिहिलं, 'आई दर रविवारी येते. आत सोडत नाहीत. मी डोळ्यांनी पाहिलं.' त्याखाली सही केली आणि शेजारी तिचा अंगठा घेतला.

"बुधवारी पोरीची तारीख आहे, कोर्टात ये. खाडा होईल."

"होऊ दे," ती म्हणाली.

बुधवारी मी पुढे केलेला कागद मॅजिस्ट्रेटनं उलटसुलट पाहिला. "चार मेंबर, पाँच निशान? ये अंगूठा किसका है?"

वकीलसाहेब फाइलीत डोकं घालून बसले. मागून आवाज आला, "माहा हाय साहेब. मी माय हावो तिची."

त्या दिवशी पोर आईचं बोट धरून खुर्सीपारला गेली. पुढच्या वर्षी समितीत मला घेतलं नाही. नाही तर नाही. तोवर भेटीचा वार रविवार झाला होता.